प्रवाळावरची कीड परत परत का येते आणि तिचा बंदोबस्त कसा करावा

घरच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. ॲक्रोपोराच्या, म्हणजे फांद्यांनी वाढणाऱ्या कठीण प्रवाळाच्या, फांद्यांचा रंग बुडाकडून उतरू लागतो, पॉलिप (प्रवाळाचे फुलासारखे उघडणारे बारीक जीव) दिवसभर मिटलेले राहतात, म्हणून ते प्रवाळ बाहेर काढून औषधी द्रावणात बुडवले जाते, भांड्याच्या तळाशी दहा-बारा किडे पडलेले दिसतात आणि जीव भांड्यात पडतो. दोन-तीन आठवडे रंग सुधारतो. महिनाभराने पुन्हा तीच फांदी आणि तेच पांढुरके डाग. मग औषध बदलले जाते, मात्रा वाढवली जाते, बुडवण्याची वेळ लांबवली जाते, आणि शेवटी प्रवाळ मरते ते किडीमुळे की औषधामुळे हेही सांगता येत नाही. माझ्या टाकीत हे चक्र सात महिने चालले. औषध पहिल्या दिवसापासून आपले काम नीट करत होते. चुकत होते ते माझे दिवसांचे गणित. द्रावणाने किडे मरतात, अंडी मरत नाहीत, आणि डोळ्यांना कीड दिसेनाशी झाली की उपचार थांबवणारा माणूस नेमका अंडी फुटण्याच्या बेताला थांबतो.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. मी न्यू जर्सीत राहते, माझी टाकी सुमारे ३०० लिटरची आहे, आणि येथे लिहिलेले सर्व काही परवानाधारक दुकानांतून किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याच्या टाकीत वाढलेले प्रवाळांचे तुकडे, म्हणजे फ्रॅग, जेथे कायदेशीरपणे मिळतात अशा ठिकाणच्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून ती काढणे किंवा त्यांची विक्री करणे हा तेथे गुन्हा आहे. माझे माहेर मालवणचे असल्यामुळे दर सुट्टीत ‘इथलाच एक तुकडा का नाही घेऊन जात?’ असे विचारणारे कोणीतरी भेटतेच, म्हणून हे स्पष्ट लिहिले. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे आणि तेथील पोवळी तेथेच पाहावीत.

आधी कीड आहे का, हे ठरवावे

रंग उडाला म्हणजे कीड लागली असे समजून थेट औषधाच्या बाटलीकडे हात नेणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पाण्याची अल्कलिनिटी (सामू स्थिर राखण्याची क्षमता; ती डीकेएच या एककात मोजतात) एका दिवसात एक-दीड डीकेएचने वरखाली झाली, पाण्यातील मिठाचे प्रमाण घसरले किंवा नवा दिवा लावताना त्याची तीव्रता एकदम वाढवली, तरी प्रवाळ हुबेहूब कीड लागल्यासारखे दिसू शकते. फरक ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे. पाण्याचा दोष असेल तर एकाच वेळी वेगवेगळ्या जातींची प्रवाळे टाकीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत नाराज दिसतात. प्रकाशाचा दोष असेल तर खराबी वरच्या, दिव्याकडच्या बाजूला जास्त असते. कीड मात्र एका वसाहतीपासून सुरू होते, सावलीतल्या बुडाकडे आणि पानासारख्या प्रवाळांच्या खालच्या अंगाला आधी दिसते, आणि तेथून शेजारच्या वेगळ्या जातीकडे न जाता दूरच्या पण त्याच जातीच्या प्रवाळाकडे जाते. बहुतेक किडी खाण्याच्या बाबतीत अतिशय चोखंदळ असतात आणि निदानात आपल्याला सर्वांत मोठी मदत होते ती याच चोखंदळपणाची. ॲक्रोपोरा निस्तेज आहे आणि शेजारची मॉन्टिपोरा (बहुधा पानासारखे पसरणारे दुसरे कठीण प्रवाळ) टवटवीत आहे, असे असेल तर संशयितांची यादी तेथेच निम्मी होते.

पाहणी रात्री करावी. दिवे मालवल्यावर तास-दीड तासाने विजेरीच्या काचेवर लाल पारदर्शक कागद लावून टाकीत पाहिले, तर दिवसा खडकाच्या फटींत दडून राहणारे प्राणी उघड्यावर फिरताना सापडतात; पांढरा प्रकाश टाकला की ते क्षणात पसार होतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असावे. आणखी एक साधन अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात मिळते: ओव्हनमधल्या टर्कीवर रस सोडण्यासाठी वापरतात ती रबरी फुग्याची लांब पिचकारी. तिने टाकीतलेच पाणी ओढून संशयित फांदीवर जोराने मारावे आणि काय सुटून उडते ते पाहावे. निरोगी फांदीवरून थोडा गाळ उडतो. किडलेल्या फांदीवरून कधीकधी कातडीचाच तुकडा निघाल्यासारखे काहीतरी तरंगत जाते, आणि मग तो तुकडा आपण होऊन हालचाल करू लागतो.

ॲक्रोपोरा खाणारा चपटा कृमी

हालचाल करणारा तो तुकडा म्हणजे बहुधा प्रॉस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी हा चपटा कृमी. परत परत येणाऱ्या किडींमध्ये याचा पहिला क्रमांक लागतो, म्हणून याच्याविषयी सविस्तर लिहिते. त्याचे शरीर जवळजवळ पारदर्शक असते आणि खाल्लेल्या प्रवाळातील तपकिरी शैवालपेशी त्यातून दिसतात, त्यामुळे ज्या फांदीवर तो बसतो तिच्याच रंगाचा तो होतो. पूर्ण वाढलेला कृमी एखाद्या सेंटिमीटरच्या आसपास असूनही समोर असताना दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या खुणा: सुमारे एक मिलिमीटर व्यासाचे, गोलसर, फिकट डाग, एकमेकांशेजारी ओळीने किंवा पुंजक्याने, जणू कोणी कागदावर पेन्सिलीच्या मागच्या रबराने टिंबे पुसली आहेत. प्रकाशाच्या चटक्याने पडणारा डाग असा गोल आणि एकाच मापाचा नसतो.

दुसरी आणि अधिक खात्रीची खूण म्हणजे अंडी. फांदीच्या बुडाशी जिवंत कातडी संपून उघडा सांगाडा सुरू होतो, त्या सीमेलगत, बहुधा सावलीच्या बाजूला, सोनेरी-तपकिरी रंगाच्या बारीक दाण्यांचा चिकटलेला थर दिसतो. भिंगाशिवाय तो गंजाच्या डागासारखा वाटतो. मी पहिल्या तीन महिन्यांत तो डाग अनेकदा पाहिला होता आणि शैवाल समजून सोडून दिला होता.

आता गणित. टाकीचे पाणी साधारण २७ अंश सेल्सियस असेल तर अंडी सुमारे दीड आठवड्यात फुटतात, आणि अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या कृमीपर्यंतचे पूर्ण चक्र साधारण पाच-साडेपाच आठवड्यांत संपते. पाणी थंड असेल तर हे सारे लांबते. अंड्यांवर कवच असते आणि आपण वापरतो त्यांपैकी कोणतेही द्रावण त्या कवचातून भरवशाने आत शिरत नाही. म्हणजे आज औषधात बुडवून सर्व जिवंत कृमी मारले, तरी काल घातलेली अंडी दहा-अकरा दिवसांनी फुटणार, त्यातून निघालेली पिल्ले तीन-चार आठवडे वाढणार, आणि आपल्याला ‘कीड परत आली’ असे वाटणार. ती परत आलेली नसते; ती गेलेलीच नसते. उलट याच गणितात उपायही आहे. अंडी फुटल्यापासून ते नवे कृमी वयात येईपर्यंत जो काळ मिळतो, त्यात प्रत्येक पिढी किमान दोनदा औषधाखाली आली, तर नवी अंडी घालायला कोणी उरत नाही. म्हणून दर सात दिवसांनी एक, असे सलग सहा आठवडे द्रावणस्नान द्यावे, आणि मधल्या काळात कृमी दिसले नाहीत तरी एकही आठवडा चुकवू नये. दिनदर्शिकेवर तारखा आधीच लिहून ठेवाव्यात. प्रत्येक वेळी भांड्यात पडलेले कृमी मोजून त्याच तारखेसमोर आकडा लिहावा. माझे आकडे ३१, ४, ०, ७, १, ० असे होते; तिसऱ्या आठवड्यातल्या शून्यावर विश्वास ठेवून थांबले असते, तर चौथ्या आठवड्यातले सात कृमी पुढच्या महिन्यात किती झाले असते ते सांगायला नको. पाचव्या आठवड्यात एक कृमी आल्यामुळे मी आणखी दोन स्नाने दिली. लागोपाठ तीन शून्ये येईपर्यंत थांबायचे नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

स्नान देण्याची कृती अशी. टाकीतलेच पाणी एका पांढऱ्या भांड्यात घ्यावे, कारण पांढऱ्यावर कृमी दिसतात. त्यात प्रवाळांसाठी बनवलेले औषध बाटलीवरच्या प्रमाणानेच घालावे. प्रवाळ त्यात पाच ते दहा मिनिटे ठेवून पिचकारीने सर्व बाजूंनी, विशेषतः फांद्यांच्या बेचक्यांत, सतत मारा करावा. औषधाने कृमी गुंगतो, पण पकड सोडायला बहुतेकदा पाण्याचा धक्काच लागतो. नुसते बुडवून ठेवून फारसे साधत नाही. नंतर टाकीच्या स्वच्छ पाण्याने भरलेल्या दोन वेगळ्या भांड्यांत प्रवाळ एकामागून एक खळबळून घ्यावे, म्हणजे औषध टाकीत जात नाही. मग भिंग घेऊन बुडाचा उघडा सांगाडा तपासावा. अंडी दिसली तर ती जुन्या दातघासणीने किंवा धारदार पात्याने खरवडून काढावी आणि खरवडलेल्या जागेवर फ्रॅग चिकटवायला वापरतो तोच घट्ट सायनोॲक्रिलेट गोंद पसरावा. एखादे अंडे नजरेतून सुटले तरी ते गोंदाखाली गाडले जाते. फ्रॅग ज्या सिरॅमिकच्या बुंध्यावर येतो तो बुंधा तोडून फेकून द्यावा आणि तुकडा नव्या बुंध्यावर लावावा. मोठ्या वसाहतीचा खडकाला चिकटलेला भाग काढता येत नसेल, तर वरच्या निरोगी फांद्या कापून घेऊन जुन्या बुडाचा मोह सोडावा. मला हे फार जड गेले होते, कारण ती वसाहत सहा वर्षांची होती. पण सारी अंडी त्याच बुडात होती.

येथे आयोडीनविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आयोडीनचे द्रावण कापलेल्या जागेतील जंतुसंसर्ग टाळण्यासाठी ठीक आहे, परंतु चपट्या कृमीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. बागेतील कीटकनाशके पाण्यात घालून वापरणारेही बरेच आहेत आणि त्यांना गुण येतो हे मी नाकारत नाही. तरी त्यांतील इमिडाक्लोप्रिड कोळंबी-खेकड्यांना अत्यंत घातक असते, थेंबभर अंश टाकीत गेला तरी नुकसान होऊ शकते, आणि वापरलेले पाणी मोरीत ओतणेही योग्य नाही. मी ती वापरत नाही.

या सर्व काळात मुख्य टाकीत काय चालले आहे, हा प्रश्न उरतोच. हा कृमी ॲक्रोपोरावरच जगतो; दुसऱ्या प्रवाळावर तो तग धरत नाही. म्हणून सर्वांत पक्का उपाय म्हणजे टाकीतील प्रत्येक ॲक्रोपोरा, अगदी निरोगी दिसणारा सुद्धा, वेगळ्या टाकीत हलवून तेथे उपचार करणे आणि मुख्य टाकी आठ आठवडे ॲक्रोपोराविना ठेवणे. खडकावर राहिलेली अंडी फुटतील, पिल्लांना खायला मिळणार नाही आणि ती उपाशी मरतील. दोन-तीनच प्रवाळे बाहेर काढून उरलेली तशीच ठेवणे म्हणजे घराचा एक दरवाजा लावून दुसरा सताड उघडा ठेवणे. पिवळा रास (इंग्रजीत wrasse) मासा आणि सहा रेघांचा रास मासा हे दोन्ही कृमी वेचून खातात आणि संख्या आटोक्यात ठेवतात, पण अंडी ते खात नाहीत आणि फांद्यांच्या आतल्या बेचक्यांत त्यांचे तोंड पोहोचत नाही. हे मासे पहारेकरी म्हणून चांगले, वैद्य म्हणून नव्हेत.

मॉन्टिपोराच्या पाठीमागे

मॉन्टिपोराच्या पसरट पानांच्या कडा पांढऱ्या पडत मागे सरकू लागल्या तर पान उलटे करून पाहावे. खालच्या अंगाला काही मिलिमीटर लांबीचे, पांढरे, पाठीवर बोटांसारखी उंचवट्यांची रांग असलेले प्राणी दिसले, तर ती कवच नसलेली समुद्री गोगलगाय आहे. पाळणाऱ्यांच्या टाक्यांत हिचा उपद्रव कित्येक वर्षे चालू असूनही शास्त्रज्ञांनी तिला फेस्टिला सबओडिओसा हे रीतसर नाव दिले ते २०२० मध्ये. हिची अंडी पांढऱ्या, जेलीसारख्या लहान पुंजक्यांत असतात आणि चपट्या कृमीच्या अंड्यांपेक्षा लवकर, साधारण आठवडाभरात फुटतात. त्यामुळे येथे स्नानांमधले अंतर पाच दिवसांचे ठेवावे. बाकी कृती तीच. मात्र मॉन्टिपोरा पातळ आणि ठिसूळ असल्याने पिचकारीचा मारा बेताने करावा. जो भाग खाऊन पांढरा झाला आहे तो सरळ कापून फेकावा, कारण अंडी बहुधा त्याच्याच सीमेवर असतात.

लाल ठिपक्याचा किडा

टेगास्टेस ॲक्रोपोरॅनस हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पिवळसर अंगावर एक लाल ठिपका असलेला सूक्ष्म कवचधारी किडा ॲक्रोपोराच्या, त्यातही गुळगुळीत कातडीच्या जातींच्या, पृष्ठभागावर फिरतो. तो प्रवाळ झटपट मारत नाही. पॉलिप बाहेर येत नाहीत, रंग मळकट होतो आणि वाढ खुंटते. भिंगाशिवाय तो धुळीच्या कणासारखा दिसतो, पण पिचकारीचा मारा केला की हा कण पुन्हा फांदीवर येऊन बसतो.

याच्यावर कुत्र्यांना हृदयातील जंतांसाठी देतात ते मिल्बेमायसिन ऑक्झिम हे औषध फार गुणकारी आहे. अमेरिकेत ते पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि त्यांना खरे कारण सांगूनच मागावे. माझ्या पशुवैद्य बाईंनी हसून का होईना, चिठ्ठी दिली. मात्रा काढताना एक गफलत नेहमी होते: गोळीचे एकूण वजन आणि गोळीतील प्रत्यक्ष औषधाचे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टाकीचे पाणी मोजताना खडक-वाळूने व्यापलेली जागा वजा करायची असते. हे औषध टाकीतल्या सर्वच कवचधाऱ्यांना मारते. कोळंबी, खेकडे आणि शक्य तितके उपयुक्त सूक्ष्मजीव आधी बाहेर काढावेत, काही तासांच्या उपचारानंतर पाणी मोठ्या प्रमाणात बदलावे, कार्बन (पाण्यातले औषध शोषून घेणारा सक्रिय कोळसा) चालू करावा आणि आठवड्याच्या अंतराने हे एकूण तीनदा करावे.

एप्टेशिया

काचेसारखे पारदर्शक-तपकिरी, ताडाच्या झाडासारखे दिसणारे हे समुद्रफूल प्रवाळ खात नाही, पण दंशपेशींनी शेजाऱ्याला भाजत त्याची जागा बळकावते. याला कापू नये, खरवडू नये, चिमट्याने ओढू नये. तळव्याचा रतीभर तुकडा खडकावर राहिला तरी त्यातून नवे समुद्रफूल उगवते आणि एकाचे पाच होतात. रक्तबीजाची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांना अधिक सांगायला नको.

चार-पाचच असतील तर त्यांच्या तोंडात कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सुईविना सिरिंजने सोडणे सर्वांत स्वस्त. ही पेस्ट म्हणजे रसायनाच्या दृष्टीने आपला पानाचा चुनाच. तरीही पानवाल्याकडची डबी वापरू नये, कारण त्यातील भेसळ आणि सुगंधी द्रव्ये टाकीत नकोत. मत्स्यालयासाठी मिळणारी शुद्ध पावडर घ्यावी. पंप बंद करून, समुद्रफूल मिटण्याआधी हळूच टोक जवळ नेऊन पेस्ट सोडावी आणि पंधरा मिनिटांनी प्रवाह सुरू करावा. चुना पाण्याचा सामू झपाट्याने वाढवतो, म्हणून माझ्या टाकीएवढ्या टाकीत एका दिवशी चारपेक्षा जास्त समुद्रफुलांना हात लावू नये. डोळ्यांवर चष्मा असू द्यावा.

संख्या शेकड्यांत गेली असेल तर चुन्याने काम होणार नाही. अशा वेळी बर्घिया नावाची, एप्टेशियाखेरीज काहीच न खाणारी समुद्री गोगलगाय आणावी. ती रात्री हिंडते, सुरुवातीचे दोन महिने काहीच घडत नाही असे वाटते, आणि मग एकाएकी खडक मोकळे दिसू लागतात. वर ज्या रास माशांची मी शिफारस केली तेच मासे बर्घिया आनंदाने गिळतात, ही या छंदातली नेहमीची पंचाईत. पेपरमिंट कोळंबीही एप्टेशिया खाते, परंतु दुकानात तिच्या नावाखाली उंट कोळंबी विकली जाते, आणि उंट कोळंबी प्रवाळच कुरतडते. पाठीला ठळक कुबड, मोठे डोळे आणि लाल अंगावर पांढऱ्या रेघा-ठिपक्यांची जाळी असेल तर घेऊ नये.

झोअँथिड: येथे आधी स्वतःला जपावे

झोअँथिडचे, म्हणजे बटणांसारख्या रंगीत पॉलिपच्या मऊ प्रवाळांचे, पॉलिप कारण नसताना दिवसेंदिवस मिटलेले राहिले तर तीन संशयित असतात. पहिला म्हणजे त्याच पॉलिपचा रंग घेऊन त्यांच्यात मिसळून बसणारी समुद्री गोगलगाय. दुसरा चपट्या, चकलीसारख्या वेटोळ्याची आणि चौकटीच्या नक्षीची सूर्यतबकडी गोगलगाय. तिसरा काड्यांसारख्या पायांचा समुद्री कोळी. तिन्ही रात्रीच्या पाहणीत सापडतात, चिमट्याने वेचता येतात आणि साप्ताहिक स्नानांनी आटोक्यात येतात.

परंतु या प्रवाळांच्या आणि त्यांच्या भाईबंद पॅलिथोआच्या अंगात पॅलिटॉक्सिन असू शकते. हवाईच्या पॅलिथोआतून १९७१ मध्ये प्रथम वेगळे केलेले हे विष निसर्गातील अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा आवश्यक, हातावर जखम असेल तर काम दुसऱ्यावर सोपवावे. बुंधा ब्रशने घासण्याचे काम, जे ॲक्रोपोरासाठी मी वर सुचवले, ते येथे पाण्याबाहेर मुळीच करू नये, कारण उडणारे तुषार डोळ्यांत आणि श्वासात जातात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कीड मारण्यासाठी असा खडक उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, तो मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. वाफेबरोबर विष हवेत पसरून घरातील सर्वांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. झोअँथिड हाताळल्यावर धाप, छातीत जखडल्यासारखे, तोंडात धातूची चव किंवा डोळ्यांत तीव्र जळजळ जाणवली तर घराबाहेर पडून लगेच वैद्यकीय मदत घ्यावी आणि डॉक्टरांना या विषाचे नाव सांगावे.

गंजाच्या रंगाचे कृमी

वाळूवर आणि प्रवाळांवर पसरणारे, मागे दोन-तीन टोके असलेले लालसर-तपकिरी चिमुकले कृमी प्रवाळ खात नाहीत. त्यांच्या दाट थरामुळे प्रवाळाला प्रकाश मिळत नाही एवढाच त्यांचा अपराध. धोका त्यांना मारताना असतो, कारण हजारो कृमी एकदम मेले की त्यांच्या शरीरातील विषाने मासे दगावतात. आठवडाभर रोज बारीक नळीने त्यांना शोषून संख्या कमी करावी, कार्बन आणि निदान एक तृतीयांश टाकी बदलता येईल इतके मीठ-पाणी तयार ठेवावे, आणि मगच औषध घालावे.

निरपराध प्राण्यांविषयी थोडक्यात. केसाळ काटेरी कृमी मेलेल्या प्रवाळावर जमलेला दिसतो, कारण तो मेलेले मांस खातो. प्रवाळ त्याने मारलेले नसते. काचेवरून सरसर पळणारे पांढरे ठिपके बहुधा उपयुक्त सूक्ष्म कवचधारी असतात. नखाएवढे ॲस्टेरिना तारामासे बहुतांशी शैवाल खातात. यांच्यासाठी टाकीत औषध ओतू नये.

नवीन प्रवाळ आणताना

माझ्या टाकीत चपटा कृमी आला तो एका ओळखीच्या छंदिष्टाने प्रेमाने दिलेल्या, तीन सेंटिमीटरच्या फुकट तुकड्यावरून. टाकी स्वच्छ असलेल्या माणसाकडून आला आहे, म्हणून मी तो न तपासता आत ठेवला. त्यानंतर चाळीस लिटरची एक साधी टाकी, एक हीटर, एक लहान पॉवरहेड (पाणी खेळते ठेवणारा पंप) आणि जुना दिवा, एवढ्या सामग्रीवर मी विलगीकरणाची सोय केली. तिच्यात वाळू नाही, खडक नाही. तळ उघडा असल्यामुळे पडलेला किडा दिसतो. नवे प्रवाळ घरी येताच त्याचा बुंधा बदलायचा, त्याच दिवशी पहिले स्नान द्यायचे, पुढे दर आठवड्याला एक, आणि सहा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय ते मुख्य टाकीत न्यायचे नाही. इतक्या लहान टाकीत अल्कलिनिटी भराभर घसरते, म्हणून ती एक दिवसाआड मोजून ८ ते ९ डीकेएचच्या दरम्यान ठेवावी, तापमान २६ अंशांवर स्थिर ठेवावे आणि दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावे. पिचकारी, चिमटा, भांडी यांचा वेगळा संच ठेवून त्यावर रंगीत चिकटपट्टी लावावी. मुख्य टाकीत हात घालायचा तो आधी, विलगीकरणाच्या टाकीत नंतर. उलट क्रमाने काम करायची वेळ आलीच तर हात गोड्या पाण्याने आणि साबणाने धुऊन, साबणाचा अंश राहणार नाही इतके खळखळून, कोरडे करावेत.